गळती, गुडगुड आणि जळकी चव : पुन्हा भरायच्या ई-सिगारेटची टाकी स्वच्छ कशी ठेवावी?

क्रॉयडनकर

नमस्कार मंडळी,

मी दक्षिण लंडनमध्ये राहतो. अनेक वर्षांची सिगारेट सोडण्यासाठी मी ई-सिगारेटकडे वळलो आणि बराच काळ वापरून टाकून द्यायचे व्हेपच घेत होतो. १ जून २०२५ पासून ब्रिटनमध्ये त्यांच्या विक्रीवर बंदी आली, तेव्हा पुन्हा भरता येणारी टाकी, बदलता येणाऱ्या कॉइल (टाकीतल्या निकोटीनच्या द्रवाची, म्हणजे लिक्विडची, तापून वाफ करणारे कापूस वेढलेल्या तारेचे सुटे भाग) आणि वेगळी बॅटरी असे साहित्य घेतले. टाकी इथल्या नियमाप्रमाणे २ मिलिलिटरची, काचेची आणि वरून भरायची आहे. दुकानदाराने ती भरायची कशी एवढे दाखवले. उघडून स्वच्छ कशी करायची हे मात्र त्यालाही नीट सांगता आले नाही, आणि सोबतच्या कागदावर केवळ चित्रे आहेत.

टाकी भरल्यानंतर पहिल्या काही झुरक्यांत आतून गुडगुड आवाज येतो आणि लिक्विडचे तिखट थेंब थेट जिभेवर येतात. टाकी बॅटरीवर जिथे बसते तिथे सकाळी चिकट ओल दिसते. दुकानदाराच्या सल्ल्याने मी अधिक दाट लिक्विड घेतले, त्याने गळती कमी झाली. पण आता जळक्या कापसासारखी चव येते आणि घसा धरतो. मध्येच पडद्यावर कॉइल तपासा अशी सूचना येऊन यंत्र बंद पडते. पुदिन्याच्या चवीचे लिक्विड संपवून दुसरे भरले, तरी पुदिन्याचा वास जात नाही.

टाकी नेमकी कशी धुवावी, किती दिवसांनी धुवावी, आणि कॉइल धुऊन हीटरवर वाळवली तर पुन्हा वापरता येते का, हे कोणी अनुभवाने सांगू शकेल का? घरात तीन वर्षांची मुलगी आहे, त्यामुळे हे सगळे स्वयंपाकघरातल्या सिंकमध्ये करावे की नाही, याचीही काळजी वाटते. डिसेंबरमध्ये आम्ही सगळे पुण्याला जाणार आहोत. विमानप्रवासात टाकी भरलेली ठेवावी की रिकामी, हेही कृपया सांगावे.

फिटर_बर्मिंगहॅम

क्रॉयडनकर, नमस्कार.

तुमच्या अडचणी निरनिराळ्या दिसत असल्या तरी त्यांतल्या बहुतेकांचे मूळ एकाच ठिकाणी आहे, आणि ते समजले की पुढची खटपट सोपी होते, म्हणून आधी टाकीच्या कामाविषयी थोडे लिहितो. टाकीतले लिक्विड कॉइलच्या बाजूच्या बारीक छिद्रांतून आतल्या कापसात शिरते आणि तिथेच थांबते, कारण टाकीतली वरची मोकळी जागा हवाबंद असते. लिक्विड खाली सरकू लागले की वरची हवा विरळ होते आणि उरलेल्या लिक्विडला धरून ठेवते. स्ट्रॉचे वरचे टोक बोटाने दाबून धरले की आतले सरबत पडत नाही, तेच हे तत्त्व. तुम्ही झुरका घेता तेव्हा कापसातल्या लिक्विडची वाफ होते, कापूस टाकीतून तेवढेच नवे लिक्विड शोषतो आणि त्या बदल्यात हवेचा एखादा बुडबुडा वर जातो. काचेतून हे बुडबुडे दिसत असतील तर टाकी ठीक चालली आहे असे समजावे. वरच्या बाजूने कुठूनही हवा शिरली तर लिक्विड गरजेपेक्षा जास्त उतरते आणि गळते. उलट कापसाला वेळेत लिक्विड पोहोचले नाही तर कापूस कोरडा पडून करपतो. म्हणून गळती आणि जळकी चव यांचा विचार वेगवेगळा करून चालत नाही. एकीवर चुकीचा उपाय केला की दुसरी उद्भवते, आणि दाट लिक्विड घेतल्यावर तुमच्याकडे नेमके तेच झालेले दिसते.

आता गळतीकडे येतो. पहिला संशय नेहमी ओ-रिंगवर, म्हणजे बारीक रबरी वायसरवर घ्यावा. तुमच्यासारख्या टाकीत असे वायसर सहसा काचेच्या वर व खाली, झाकणात, माउथपीसवर आणि कॉइलच्या बुंध्याशी असतात. ते एकेक काढून चांगल्या उजेडात, बोटांच्या चिमटीत हलके ताणून पाहावेत. नखाएवढी चीर, चपटा झालेला भाग किंवा फुगून सैल पडलेली कडी यांपैकी काहीही दिसले तर वायसर बदलावा. बहुतेक टाक्यांबरोबर जादा वायसरांची पुडी येते, ती कृपया फेकू नका. नवा वायसर कोरडा बसवला की तो पिळला जातो किंवा दुमडतो, म्हणून बसवण्याआधी त्याला लिक्विडचा एक थेंब चोळावा. व्हॅसलीन, नारळाचे तेल, ग्रीस यांतले काहीही लावू नये, कारण टाकीत जे जाते ते तापून शेवटी फुप्फुसात जाते.

दुसरा संशय भरण्याच्या पद्धतीवर. वरचे झाकण उघडले की मघाशी सांगितलेली पकड सुटते आणि लिक्विड कॉइलमधून खाली उतरू लागते. झाकण पुन्हा आवळताना आतली हवा दाबली जाऊन आणखी थोडे लिक्विड मधल्या नळीत ढकलले जाते. भरल्यानंतर पहिल्या झुरक्यांत होणारी गुडगुड बहुतेक याचीच आहे. यासाठी भरण्याआधी खालची हवेची कडी, म्हणजे हवा आत येण्याची छिद्रे उघडणारी-झाकणारी फिरती कडी, पूर्ण बंद करावी. बाटलीचे टोक मधल्या नळीत न जाता कडेच्या खाचेत राहील याकडे लक्ष द्यावे आणि टाकी काठोकाठ न भरता वर थोडी हवा ठेवावी. झाकण लावल्यावर टाकी क्षणभर उलटी धरून मगच हवेची कडी उघडावी, म्हणजे दाबलेली हवा लिक्विडला न ढकलता बाहेर पडते. एवढे करूनही नळीत लिक्विड साचलेच, तर टाकी बॅटरीवरून काढावी, तळाशी टिश्यू घट्ट धरून माउथपीसमधून जोराने फुंकावे आणि मग टिश्यूची बारीक वळी करून नळी आतून पुसावी. साचलेले लिक्विड झुरके मारून उडवण्याचा प्रयत्न करू नये, कारण तेच गरम शिंतोडे जिभेवर येतात.

सफाईविषयी माझे मत असे आहे की लिक्विडची चव बदलताना आणि कॉइल बदलताना टाकी धुवावी. रोज उघडून धुण्याची गरज नसते, उलट त्याने आटे आणि वायसर लवकर झिजतात. टाकी बॅटरीवरून काढून उरलेले लिक्विड टिश्यूवर टिपून घ्यावे. मग माउथपीस, झाकण, काच, तळ आणि कॉइल असे सगळे भाग सुटे करावेत आणि कॉइल लगेच बाजूला ठेवावी. बाकीचे भाग कोमट पाण्यात, भांडी घासायच्या साबणाचे दोनचार थेंब टाकून, दहापंधरा मिनिटे भिजत ठेवावेत. उकळते पाणी घेऊ नये, कारण गरम काच एकदम थंड पाण्याखाली आली की तडकते आणि प्लास्टिकचे माउथपीस वाकडे होते. भिजल्यावर मऊ ब्रशने आटे आणि हवेची छिद्रे घासावीत. छिद्रांच्या आतल्या कडेवर तपकिरी, मधासारखा चिकट थर असतो आणि तो निघाल्याशिवाय झुरका मोकळा येत नाही. नंतर साबणाचा बुळबुळीतपणा पूर्ण जाईपर्यंत वाहत्या पाण्याखाली धुवावे.

दक्षिण इंग्लंडचे पाणी चुनखडीच्या खडकांतून येत असल्यामुळे जड आहे, हे तुम्ही किटलीच्या बुडाशी पाहतच असाल. तोच पांढरा थर काचेवर आणि आट्यांत बसतो. तो दिसला तर काच पाण्यात मिसळलेल्या पांढऱ्या व्हिनेगरमध्ये थोडा वेळ ठेवून पुन्हा धुवावी. धातूचे भाग त्यात फार वेळ ठेवू नयेत, कारण मुलामा उडालेला असेल तर आतले पितळ हिरवे पडते. शेवटचे पाणी डिआयनाइज्ड घेतले, जे इथे इस्त्रीसाठी म्हणून सुपरमार्केटमध्ये मिळते, तर डाग पडत नाहीत. सगळे भाग धागे न सुटणाऱ्या फडक्यावर रात्रभर वाळू द्यावेत. आट्यांत आणि बारीक छिद्रांत राहिलेले पाणी फडक्याने निघत नाही, आणि ते कापसात उतरले की पहिल्या झुरक्यालाच तडतडते.

पुदिन्याचा वास काचेत किंवा धातूत राहत नाही, तो रबरात मुरतो. वायसर काढून कोमट पाण्यात खाण्याचा सोडा घालून रात्रभर ठेवावेत. त्यानेही गेला नाही तर सरळ नवे वायसर घालावेत, आणि पुदिना किंवा बडीशेप अशा उग्र चवी आवडत असतील तर त्यांच्यासाठी वेगळी टाकीच ठेवलेली बरी.

कॉइल धुऊन वाळवण्याबद्दल विचारले आहे, त्याचे माझे उत्तर नाही असेच आहे. विकत मिळणाऱ्या कॉइलमध्ये तारेला किंवा जाळीला कापूस घट्ट वेढलेला असतो. पाण्याने त्यातले लिक्विड निघते, पण तारेवर बसलेला करपलेल्या साखरेसारखा काळा थर निघत नाही, आणि एकदा करपलेला कापूस कोणत्याही उपायाने पुन्हा पांढरा होत नाही. हीटरवर वाळवताना बाहेरून कोरडी दिसणारी कॉइल आतून ओली राहते, तो त्रास वेगळाच. कापूस स्वतः बदलून घालण्याच्या टाक्या असतात, त्यांत जुना कापूस काढून तार साफ करता येते. तुमची टाकी त्या प्रकारची नाही. चव उतरली, झुरका जड झाला किंवा जळका वास आला की कॉइल बदलावी.

नवी कॉइल घालताना घाई करू नये. बाजूच्या प्रत्येक छिद्रातून दिसणाऱ्या कापसावर आणि मधल्या भोकात लिक्विडचे थेंब सोडावेत, कापूस ओला होऊन त्याचा रंग बदललेला डोळ्यांना दिसला पाहिजे. मग कॉइल हाताने आवळावी, टाकी भरावी आणि दहा मिनिटे तशीच उभी ठेवावी. कॉइलच्या अंगावर किती ओहम (तारेचा विद्युतरोध) आणि किती वॅट (यंत्राने द्यायची शक्ती) हे कोरलेले असते, त्यातल्या वॅटच्या सर्वांत खालच्या आकड्यापासून सुरुवात करून हळूहळू वर जावे.

पडद्यावरच्या सूचनेचे कारण सहसा टाकी आणि बॅटरी यांच्या सांध्यात असते. या सांध्याला सगळीकडे ५१० म्हणतात. टाकीच्या तळाशी मध्यभागी एक छोटी पिन असते आणि तिच्याभोवती विजेला अडवणारी कडी. गळलेले लिक्विड तिथे सुकले की जोड धड लागत नाही. यंत्र बंद करून, कोरड्या कापसाच्या काडीला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून दोन्ही बाजू पुसाव्यात आणि अल्कोहोल पूर्ण उडाल्यावरच टाकी बसवावी. बॅटरीच्या भागाला पाणी अजिबात लावू नये. तरीही सूचना आली तर आधी दुसरी कॉइल घालून पाहावी, मग शक्य असल्यास दुसरी टाकी, म्हणजे दोष कॉइलचा, टाकीचा की बॅटरीचा हे क्रमाने वेगळे होईल. एका वेळी एकच गोष्ट बदला. सगळे एकदम बदलले तर बिघाड गेला तरी तो कशाने गेला हे कळत नाही.

तुमच्या कॉइलवर काय कोरले आहे आणि दाट लिक्विडच्या बाटलीवर कोणते प्रमाण लिहिले आहे, तेवढे कळवा.

वसुधा_लेस्टर

फिटरदादांनी यंत्राची बाजू उत्तम मांडली आहे. मी औषधनिर्मितीच्या प्रयोगशाळेत काम करते, त्यामुळे लिक्विडच्या बाजूने काही गोष्टी जोडते, कारण टाकीच्या तक्रारींपैकी पुष्कळशा तक्रारी बाटलीत सुरू झालेल्या असतात.

लिक्विडमध्ये मुख्यतः प्रोपिलिन ग्लायकॉल आणि वनस्पतिजन्य ग्लिसरीन असते, त्यात निकोटीन आणि चवीची द्रव्ये मिसळलेली असतात. ग्लिसरीन दाट असते, ग्लायकॉल पातळ. बाटलीवर ५०/५० लिहिलेले लिक्विड एक ओहमच्या आसपासच्या, बारीक छिद्रांच्या आणि कमी वॅटच्या कॉइलसाठी असते. ७० टक्के ग्लिसरीनचे लिक्विड मोठ्या छिद्रांच्या, कमी ओहमच्या कॉइलसाठी. बारीक छिद्रांच्या कॉइलमध्ये दाट लिक्विड घातले तर ते कापसापर्यंत वेळेवर पोहोचत नाही, आणि थंडीत, लिक्विड आणखी घट्ट झाल्यावर, तर हमखास करपते. उलट पातळ लिक्विड मोठ्या छिद्रांतून वाहून जाते. तुमची गळती कमी झाली ती दाट लिक्विडमुळे, पण त्याने मूळ कारण झाकले गेले, दूर झाले नाही.

कॉइलवर जो काळा थर बसतो, तो मोठ्या प्रमाणात गोडीचा असतो. सुक्रालोज हे गोड द्रव्य वाफ न होता तारेवर करपत राहते. मिठाई, कस्टर्ड, फळांची मिश्रणे अशा गोड चवी वापरणाऱ्यांची कॉइल काही दिवसांत जाते आणि साध्या चवीवाल्यांची बरीच जास्त टिकते. टाकी कितीही निगुतीने धुतली तरी हा फरक भरून निघत नाही. लिक्विड काही दिवसांनी गडद होते, ते मात्र बहुधा निकोटीनचा हवेशी संयोग होऊन होते. नुसत्या रंगावरून कॉइल बिघडली असे समजू नये.

तुमची टाकी काचेची आहे हे चांगले आहे. प्लास्टिकच्या, विशेषतः पॉलिकार्बोनेटच्या टाकीला लिंबू-संत्र्यासारख्या आणि दालचिनीच्या चवीची द्रव्ये तडे पाडतात. ॲक्रिलिकच्या माउथपीसला अल्कोहोल लावले तरी तेच होते, म्हणून फिटरदादांनी सांगितलेले अल्कोहोल केवळ धातूच्या सांध्यापुरतेच ठेवावे.

आता मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट. आपल्या लोकांत गुलकंदाची, वेलचीची, पानाची चव हवी म्हणून घरातले इसेन्स किंवा लवंगेचे तेल लिक्विडमध्ये मिसळण्याची कल्पना मी एकाहून अधिक वेळा ऐकली आहे. असे कृपया कोणीही करू नये. पोटात गेल्यावर निरुपद्रवी असलेला पदार्थ फुप्फुसातही निरुपद्रवी असतो असे मुळीच नाही, आणि तेलाची वाफ फुप्फुसात गेली तर गंभीर दाह होऊ शकतो. २०१९ मध्ये अमेरिकेत व्हेपिंगमुळे फुप्फुसाच्या दुखापतीची जी साथ आली, तिच्यात फेब्रुवारी २०२० पर्यंत २,८०७ रुग्णांची नोंद झाली आणि ६८ जण दगावले. तपासाअंती तिचा घनिष्ठ संबंध गांजातील द्रव्य असलेल्या, बहुतांशी अनधिकृत मार्गाने आलेल्या लिक्विडमध्ये मिसळलेल्या व्हिटॅमिन ई ॲसिटेट या तेलकट पदार्थाशी लागला. टाकी धुतानाही हेच सूत्र पाळावे : जे पूर्ण धुतले जात नाही किंवा उडून जात नाही, ते टाकीत घालू नये.

लहान मुलीबद्दल तुम्ही विचारलेत ते फार योग्य केलेत. ब्रिटनमध्ये लिक्विडची बाटली जास्तीत जास्त १० मिलिलिटरची आणि निकोटीन जास्तीत जास्त प्रतिमिलिलिटर २० मिलिग्रॅम असे बंधन आहे. म्हणजे पूर्ण तीव्रतेच्या एका बाटलीत २०० मिलिग्रॅम निकोटीन असते आणि लहान मुलासाठी त्याचा थोडासा भागही घातक ठरू शकतो. निकोटीन त्वचेतूनही शोषले जाते. सफाई स्वयंपाकघरात करू नये. बाथरूमच्या बेसिनमध्ये, वेगळ्या ठेवलेल्या वाडग्यात, पातळ हातमोजे घालून आणि मुलगी झोपलेली असताना करावी. टिपलेले टिश्यू पिशवीत बांधून झाकणाच्या डब्यात टाकावेत, उघड्या टोपलीत नव्हे. वाळत ठेवलेले सुटे भाग तिचा हात पोहोचणार नाही अशा उंचीवर हवेत. चकचकीत काच आणि रबरी कड्या मुलांना खेळण्यासारख्या वाटतात, आणि त्या घशात अडकू शकतात. लिक्विड गिळल्याची नुसती शंका आली तरी लक्षणांची वाट न पाहता लगेच वैद्यकीय मदत घ्यावी.

क्रॉयडनकर

फिटरदादा, वसुधाताई, मनापासून आभार. इतके सविस्तर उत्तर मिळेल असे वाटले नव्हते.

कॉइलवर १.० ओहम आणि १० ते १४ वॅट असे कोरलेले आहे. दाट लिक्विडच्या बाटलीवर ७० टक्के ग्लिसरीन लिहिले आहे, आणि यंत्र दुकानातूनच १८ वॅटवर लावून मिळाले होते. काल रात्री टाकी पूर्ण सुटी केली. काचेच्या वरचा वायसर एका बाजूला दुमडून आत गेलेला होता आणि दुमडीवर पांढरी रेघ उमटली होती. तो बदलला, सगळे भाग धुऊन रात्रभर वाळवले, नवी कॉइल भिजवून घातली आणि ५०/५० लिक्विड भरून ११ वॅटवर सुरुवात केली. जळका वास नाही, गुडगुड नाही, आणि काचेतून ते बुडबुडे वर जाताना दिसले.

दोन शंका उरल्या आहेत. तळाशी थोडीशी ओल आज सकाळीही होती, दिवसभरात मात्र ती येत नाही. आणि कॉइल तपासा ही सूचना सांधा पुसल्यानंतरही एकदा आली. टाकी थोडी सैल केली तर गेली, हे मला चमत्कारिक वाटले.

फिटर_बर्मिंगहॅम

वायसरची ती पांढरी रेघ म्हणजे तिथून हवा शिरत होती याचा पुरावाच आहे. वॅटचा आकडाही जुळला : १४ ची मर्यादा असलेली कॉइल १८ वर चालवली आणि वर दाट लिक्विड, म्हणजे कापूस करपणारच होता.

सकाळच्या ओलीचे कारण बहुधा खोलीच्या तापमानात आहे. रात्री खोली थंड होते, पहाटे हीटिंग सुरू झाले की टाकीतली हवा प्रसरण पावते आणि लिक्विडला कॉइलमधून खाली ढकलते. टाकी जितकी रिकामी, तितकी आत हवा जास्त आणि ढकलणेही जास्त. रात्री टाकी उभी ठेवावी, हवेची कडी बंद करावी आणि रेडिएटरजवळची जागा टाळावी. आडवी ठेवलेली टाकी सकाळी ओली मिळते, मग ती कितीही चांगली असो. विमानातही हेच होते, फक्त तिथे तापमानाऐवजी दाब बदलतो : केबिनमधला दाब साधारण १,८०० ते २,४०० मीटर उंचीवरच्या हवेइतका ठेवलेला असतो, त्यामुळे जमिनीवर बंद केलेल्या टाकीतली हवा फुगते. ब्रिटनबाहेर, जिथे व्हेप कायदेशीर आहे अशा ठिकाणी जाताना टाकी रिकामी करून धुऊन न्यावी आणि बॅटरी नेहमी हातातल्या सामानात ठेवावी. ती मोठ्या बॅगेत टाकायला मनाई असते.

सैल केल्यावर सूचना जाते याचा अर्थ टाकी आजवर फार आवळली जात होती. जास्त आवळले की मधली पिन आत दाबली जाते, तिच्याभोवतीची कडी चेपते आणि जोड कधी लागतो, कधी सुटतो. टाकी बोटांनी, टेकली की थांबायचे इतपतच आवळावी. बॅटरीच्या बाजूची पिन बहुतेक यंत्रांत स्प्रिंगवर असते; ती बोथट काडीने दाबल्यावर परत वर येते का, हे यंत्र बंद असताना पाहा. येत नसेल तर दुरुस्तीच्या फंदात न पडता वॉरंटीत बदलून घ्या. विजेच्या सांध्यात टोकदार वस्तू घालून पिन उचकटण्याचे सल्ले पुष्कळ ठिकाणी दिलेले दिसतात, ते धोक्याचे आहेत.

मावळ_ते_मँचेस्टर

सफाईचे सगळे वर आलेच आहे. पुण्याच्या प्रवासाबद्दल मात्र स्पष्ट लिहिणे आवश्यक वाटते, कारण टाकी भरलेली न्यावी की रिकामी हा प्रश्नच तिथे उद्भवत नाही.

भारतात १८ सप्टेंबर २०१९ च्या अध्यादेशाने आणि त्यानंतर त्याच वर्षी संसदेने केलेल्या कायद्याने ई-सिगारेटचे उत्पादन, आयात, निर्यात, वाहतूक, विक्री, वितरण, साठवण आणि जाहिरात या सगळ्यांवर बंदी आहे. बाहेरून देशात आणणे म्हणजे आयात. पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि पुन्हा केल्यास तीन वर्षांपर्यंत कैद आणि पाच लाखांपर्यंत दंड अशी तरतूद आहे. स्वतःपुरती एकच आहे, टाकी रिकामी आहे, कॉइल सुट्या आहेत, अशा कोणत्याही सबबीवर विसंबून मुंबईच्या विमानतळावर उतरू नये. कायद्यात सुट्या भागांचाही समावेश आहे. वाटेत दोहाला विमान बदलणार असाल तर कतारमध्येही मनाई आहे, आणि सिंगापूर व थायलंडमध्ये नियम अधिकच कडक आहेत.

सिगारेट सुटलेली राहावी हीच तुमची खरी गरज आहे. त्यासाठी निकोटीनचे पॅच आणि च्युइंग गम हा सरळ मार्ग आहे. निघण्याआधी काही आठवडे तुमच्या भागातल्या एनएचएसच्या (ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेच्या) धूम्रपान-मुक्ती सेवेशी किंवा फार्मसिस्टशी बोलून किती मात्रेचे घ्यावेत ते ठरवा, म्हणजे तिथे चारचौघे बाहेर सिगारेट ओढायला निघाले की हात तिकडे वळणार नाही. पूर्वी हे सगळे करून पाहिलेले आणि फसलेले पुष्कळ जण माझ्या ओळखीत आहेत, आणि बहुतेकांनी पॅच पुण्यात पोहोचल्यावर, तलफ आल्यानंतर शोधला होता.

क्रॉयडनकर

हे वेळेवर सांगितलेत म्हणून फार बरे झाले. यंत्र इथेच ठेवून जातो आणि उद्याच फार्मसीत चौकशी करतो. टाकी महिनाभर पडून राहणार असेल तर ती कशी ठेवावी, आणि जुन्या कॉइल घरच्या कचऱ्यात टाकाव्यात का, एवढे कोणी सांगावे.

वसुधा_लेस्टर

टाकीत लिक्विड ठेवून जाऊ नका. कॉइल काढून टाका, टाकी धुऊन पूर्ण वाळवा आणि झाकण सैल लावून ठेवा, म्हणजे वायसर दाबलेल्या अवस्थेत महिनाभर राहणार नाहीत. उरलेले लिक्विड मूळ बाटलीतच, झाकण घट्ट लावून, अंधाऱ्या आणि थंड जागी, कुलूप असलेल्या कपाटात ठेवा. बॅटरी पूर्ण भरलेली किंवा पूर्ण उतरलेली न ठेवता साधारण अर्धी ठेवा.

कॉइल आणि बॅटरी घरच्या कचऱ्यात टाकू नयेत. व्हेप विकणाऱ्या प्रत्येक दुकानाने जुनी यंत्रे आणि त्यांचे भाग परत घ्यावेत असा इथला नियम आहे. कॉइल टिश्यूवर कोरडी करून झाकणाच्या छोट्या डबीत साठवा आणि पुढच्या वेळी दुकानात गेलात की तिथे द्या. ती डबीही मुलीच्या हाताला लागणार नाही अशाच जागी ठेवा.